वरच्या वाडीची अकरा दारं

घराला भिंतच उरली नसेल, तर तुम्ही आत कुठून जाल? 'कुठूनही' म्हणत असाल, तर गंगारामतात्यांच्या म्युझियममध्ये तुम्हाला प्रवेश नाही.

दरड कोसळली आणि पोलादपूरच्या डोंगरातली आमची वरची वाडी सरकारी कागदावर 'बाधित क्षेत्र' झाली. वाचलेली माणसं खाली रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरांत आली. तात्याही आले, पण रोज सकाळी पहार घेऊन वर! चिखलातून दारं-चौकटी उपसून त्यांनी ज्याच्या त्याच्या जोत्यावर उभ्या केल्या. आज तिथे अकरा दारं आहेत. भिंत एकही नाही.

मी पहिल्यांदा गेले ती बाजूनेच शिरले. तात्या कडाडले, "काय गो, चोर हायस? दार दिसत नाय?"

मी मागे येऊन कडी वाजवली. तात्या धावत आत गेले आणि बारीक आवाजात म्हणाले, "कोण हाय? पाय धुवून ये!" ही पार्वतीकाकूची नक्कल, ती आता मुंबईला लेकाकडे असते. पुढच्या दारामागे तात्या रामजीकाका होऊन खोकले. रामजीकाकांना हे कळलं, तेव्हा ते काठी टेकत वर आले, "माझा खोकला असा नाय," म्हणाले आणि खरा खोकून दाखवून गेले.

आत पाटे, जाती, कणग्या. "हात लाव गो, म्युझियम हाय, देवारा नाय!"

'डोंगर कुणी पोखरला? जाब द्या!' अशी पत्रकं मी छापली होती. तात्यांनी गठ्ठाच मागून घेतला. मी हरखले. बघते तर कोऱ्या बाजूवर लिहिलेलं: 'पार्वतीचा पाटा. चटणीत मीठ जास्त.'

"जाब माग ना," तात्या म्हणाले, "पण काय गेलं ते आधी कळाय नको?"

चिठ्ठ्या दोऱ्याने टांगल्यात. वारा आला की उलटतात आणि माझा प्रश्न दिसतो.

अकराव्या दाराला चिठ्ठी नाही. ते तात्यांचं. दरड आली तेव्हा ते बाजारात होते, त्यांची बायको, आमची काकी, घरात. माझ्यासमोर तात्यांनी त्याची कडी वाजवली आणि नुसतेच उभे राहिले.

"इथं आतून कोण बोलतं, तात्या?"

"इथं नाय जमत. मी भायेर असतो ना. ती आतनं म्हणायची, 'उघडंच हाय, या.'"

मी दारातूनच आत गेले, दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळाने कडी वाजली.

"उघडंच हाय, या," मी म्हणाले. तात्या पाय पुसून आत आले.

मला रोज वर जाणं जमत नाही. तुम्ही कशेडी घाटाकडे निघालात, तर अर्धा दिवस काढा. वाट विचारत वर या. अकराव्या दारातून आत जा, दार लोटा आणि थांबा. कडी वाजली की तेवढं म्हणा.