नवाबाची कावीळ

व्यंकटरावांच्या घरात फोडणी बंद झाली होती, कारण घरात कावीळ होती आणि ती कुत्र्याला झाली होती.

नवाब चारठाण्याच्या दिनकररावांकडून आलेला. त्याच्या आईबापाला त्यांनी स्वतः हैदराबादहून आणलं होतं. साखरपुड्यात व्यंकटरावांच्या लेकीच्या, रुख्मिणीच्या मांडीवर ते लांब कानांचं पिल्लू ठेवून तिच्या ह्या भावी सासऱ्यांनी बजावलं, "खानदानी रक्त हाय. जपा."

वालूर गावानं असला कुत्रा पाहिलाच नव्हता. दारात गर्दी जमे, नवाब भुंके, भुंकून धापा टाके आणि मटकन बसे. मग लघवी काळ्या चहासारखी झाली, हिरड्या पिवळ्या पडल्या.

"मेला तर सोयरीक गेली," व्यंकटराव म्हणाले. "म्हणतील, कुत्रं सांभाळता आलं न्हाई, ह्यांची पोरगी काय घर सांभाळणार?"

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदनं एसट्या थांबलेल्या. मग काविळीची माळ देणाऱ्या बायनाबाईंना बोलावलं. "माळ माणसाची हाय, पण गळा तो गळाच," त्या म्हणाल्या. "पथ्य समद्या घरानं पाळायचं. तेलाचा वाससुदिक नको."

घर उकडलेल्या दोडक्यावर आलं आणि नवाबनं दुसऱ्याच दिवशी माळ खाऊन टाकली.

"बरं झालं," बायनाबाई म्हणाल्या. "आता आतून काम करती."

एसटी सुरू होताच व्यंकटराव आणि त्यांच्या पत्नी कस्तुराबाई नवाबला पदराखाली घेऊन परभणीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"ह्याच्या तांबड्या पेशी जन्मापासूनच कच्च्या आहेत. जोरात भुंकला, उन्हात पळाला की फुटतात. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच असं होतं. ह्यावर औषध नाही. गार जागी ठेवा आणि भुंकू देऊ नका."

व्यंकटरावांनी एवढंच ऐकलं, की भुंकू द्यायचं नाही. घरी येताच त्यांनी उखळ बंद केलं, भांडीवाल्याला गल्लीतून हाकललं आणि शेवटी लग्नाचा बाजाच रद्द केला.

"मालक, मुकं लगीन लावायलाव का?" वाजंत्री सिताराम हबकला.

"हळू बोल!"

ही बातमी चारठाण्याला पोचायला वेळ लागला नाही. दिनकरराव तडक आले. घरात सगळे कुजबुजत होते, ताटात बिनफोडणीचं वरण होतं.

"काय मयत झालीय का इथं?" त्यांनी दणक्यात विचारलं.

जुन्या मालकाचा आवाज ऐकताच नवाब आनंदानं भुंकत धावला आणि त्यांच्या पायाशी आडवा झाला.

"अरारा! काय करून ठेवलंत माझ्या नवाबचं!" दिनकरराव लाल झाले. "व्यंकटराव, असल्या घरची पोरगी आमी..."

"इवाई, लय जपलं वो आमी," व्यंकटराव कुजबुजले.

दाराआडून कस्तुराबाई बोलल्या, "भाऊ, डॉक्टर म्हणले, रक्तातलाच दोष हाय. आईबाप दोघांकडून आल्याबिगर होत न्हाई. आईबाप तर तुमच्याच दारात हायत न्हवं?"

दिनकरराव खाली बसले. नवाबच्या कानांवरून हात फिरवू लागले.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "हे चारठाण्यात कुणाला..."

"आमी कशाला सांगतो? लग्नाची तारीख तेवढी तीच ऱ्हाऊ द्या."

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. भटजींनी मंगलाष्टकं कानात सांगितल्यासारखी म्हटली, अक्षतासुद्धा लोकांनी जपून टाकल्या. वऱ्हाडातल्या एका पाहुण्याला काही ते राहवेना.

"दिनकरराव, बाजा कुठं हाय?"

दिनकररावांनी ओठांवर बोट ठेवलं.

"आमच्या खानदानाची रीतच हाय तशी," ते म्हणाले.