सशालाच तेवढे पाय

"एक दिव्यांग पात्र घालायचंय ना? घालतो की संध्याकाळपर्यंत," दिग्विजयने वाहिनीच्या पद्मजाताईंना फोनवर ठणकावून सांगितलं. त्याच्या बाहुल्यांच्या मालिकेला दुसरं वर्ष हवं असेल, तर असं पात्र पाहिजेच, ही ताईंची अट होती. दिग्विजयला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ.

कर्वेनगरातल्या त्याच्या स्टुडिओत बाहुल्या शिवायचे बजरंगकाका. त्यांनी इवलीशी व्हीलचेअर केली आणि सशाला तिच्यात बसवलं. ससा खुर्चीत बुडालाच. हातात घालून नाचवायच्या बाहुल्या त्या, कमरेखाली नुसती बाही.

"काका, ह्याला पाय लावा."

"ज्याला चालता येत नाही, त्यालाच पाय?"

"अहो, नाहीतर बसलाय हे कळणार कसं?"

काकांनी पाय लावले, वर मोजेही घातले.

प्रयोग बघायला सोसायटीतली मुलं बोलावली. पुढे आपल्या व्हीलचेअरवर नऊ वर्षांची स्पृहा. तिचे डोळे भरून आलेच तर आपल्याला दिसावेत, म्हणून पद्मजाताई तिला खेटून बसल्या. ससा आला, गोड हसला, "हार मानू नका" म्हणाला. स्पृहाने जांभई दिली.

"दादा, ह्याला काम काय आहे?"

"तो प्रेरणा देतो."

"त्यापेक्षा त्याला गाजरं चोरू द्या ना. आणि वाघाचे पाय कुठे गेले?"

वर्षभर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता सगळी मुलं माना उंचावून बघायला लागली. माकडाला पाय नाहीत, अस्वलाला नाहीत! सगळ्यांना एकदम अपघात झाला का, म्हणून एका चिमुरडीने भोकाड पसरलं. दिग्विजयची पाचावर धारण बसली.

"सगळ्यांना पाय लावा," पद्मजाताईंनी हुकूम सोडला.

लावले. पण ज्या कठड्याआडून बाहुल्या नाचवायच्या, त्यावरून ते पाय दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यांसारखे लोंबायला लागले. शोभत होते फक्त सशाचे, कारण त्याला खुर्ची होती.

"मग सगळ्यांनाच खुर्च्या करतो," काका म्हणाले.

"करा," दिग्विजय म्हणाला. विचार करण्याची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

पुढच्या प्रयोगाला वाघ, माकड, अस्वल, सगळे कठड्यावर व्हीलचेअर पळवत होते. सर्वांच्या पुढे ससा, मांडीवर चोरलेली गाजरं. मुलं हसून हसून लोळली. स्पृहाला तर उचकी लागली. दिग्विजयला फार बरं वाटलं. इतकं खदखदून त्याच्या मालिकेला आजवर कुणी हसलं नव्हतं.

पद्मजाताईंनी मात्र चष्मा काढून पुसला.

"दुसरं वर्ष पक्कं," त्या म्हणाल्या. "फक्त चालणारंही एखादं पात्र घाला. नाहीतर लोक म्हणतील, त्यांचा विचारच केला नाही."

दिग्विजयने हताशपणे स्पृहाकडे पाहिलं.

"घ्या," ती मोठ्या मनाने म्हणाली. "पण शर्यतीत आम्ही त्याच्यासाठी थांबणार नाही."