सार्जंटला हवा सरकारमान्य गांजा

"मी गांजा घेणार! आणि चोरून नाही, सरकारच्या शिक्क्यानिशी घेणार!"

इस्रायलमधल्या ओफाकीम गावी आपल्या गॅलरीत उभं राहून मखलूफ एल्हरारने ही घोषणा केली, तेव्हा समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली धुणीसुद्धा थबकली असतील. कारण हा मखलूफ म्हणजे पोलिसातला निवृत्त सार्जंट. उभा जन्म त्याने नेगेवच्या वाळवंटात चरस-गांजावाल्यांच्या मागे धावण्यात घालवला होता. आता धावणं संपलं होतं. कमरेत कुठेतरी एक नस दबली होती आणि तिथून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत जायची. गोळ्यांनी कळ तशीच राहायची आणि पोट तेवढं बिघडायचं. सिनेगॉगमध्ये सगळे उभ्याने प्रार्थना करत असताना मखलूफला खाली बसावं लागे. मग लोक मान तिरकी करून विचारत, "बरं नाही का?" ही दया त्याला लाच देऊ केल्यासारखी वाटायची. नको म्हणजे नको! त्याला रात्रीची झोप हवी होती, दोन पायांवर उभं राहून प्रार्थना करायची होती, आणि तीही कायद्याने.

"अरे सार्जंट, कशाला एवढी यातायात?" शेजारच्या गॅलरीतून प्रॉस्पेर म्हणाला. "नुसतं हो म्हण. संध्याकाळपर्यंत घरपोच!"

"प्रॉस्पेर, तुला मी एकदा आत टाकलंय. पुन्हा टाकीन!"

"आता नाही टाकू शकत! माझ्याकडे परवाना आहे. पाठीचं दुखणं. तुझ्याच कोठडीतल्या बाकावर लागलंय."

मखलूफच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला आपण खिशात पुडी ठेवल्याबद्दल पकडलं, तो आज सरकारमान्य, आणि आपण गोळ्या खाऊन पोट धरून बसलोय!

"तुला म्हणून सांगतो," प्रॉस्पेर पुढे झुकला. "दाढी करू नकोस. सपाता घालून जा. काठी ने, नसली तर माझी ने. आणि कसं आहे असं विचारलं की आधी रड, मग बोल."

"मी आयुष्यात खोटी जबानी दिलेली नाही!"

"म्हणून तर सार्जंटचा सार्जंटच राहिलास!"

झालं. मखलूफने मुद्दाम गुळगुळीत दाढी केली. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बुटांना असं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसावं. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून बायकोने, सोलिकाने, तिळाच्या बिस्किटांचा डबा हातात दिला. दवाखान्यात जातोय की मुलगी बघायला, असा प्रश्न पडावा अशा थाटात स्वारी निघाली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नेहमीचं रणकंदन चाललं होतं. "शेवटचा कोण?" "मी!" "मग मी कोण?" एवढ्यात एक बाई "मला फक्त एकच विचारायचंय" म्हणत दाराकडे सरकल्या आणि मखलूफच्या आतला सार्जंट जागा झाला. तो उठला, व्हरांड्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्याने रांग लावायला घेतली. "तुम्ही मागे! तुम्ही भिंतीला! आजोबा, तुम्ही पुढे या!" पायातून कळ अशी सणाणत होती की डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नेमकं त्याच वेळी डॉक्टर इन्नाने दार उघडलं आणि हा पैलवान तिच्या नजरेस पडला.

"कसे आहात?" आत बसल्यावर तिने विचारलं.

"देवाची कृपा! उत्तम!"

आता यात त्याची चूक नव्हती. त्याच्यासारख्या मोरोक्कोहून आलेल्यांच्या घरांमध्ये दुखणं तोंडाने बोलायचंच नसतं. बोललं की वाईट नजर ते ऐकते आणि वाढवून परत आणून देते. तिथे मरणाच्या दारात असलेला माणूसही आधी "देवाची कृपा" म्हणतो, मग मरतो.

"दुखणं एक ते दहामध्ये किती?"

मखलूफने प्रामाणिकपणे विचार केला. एकदा खांद्यात सुरा बसला होता, ते सात. पहिल्या बाळंतपणात सोलिकाचा आवाज बाहेर ऐकू आला होता, ते दहा.

"तीन," तो म्हणाला आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

डॉक्टर इन्नाने एक बिस्किट खाल्लं. "छान आहे. तुम्हीही छान आहात. माझ्यापेक्षा ठणठणीत आहात."

घरी स्वागत जोरदार झालं.

"तीन?" सोलिका कडाडली. "कळ आली की उशी चावतोस, उशांची पिसं मी गोळा करते, आणि तीन?"

"उशी चावणं ही जबानी नाही!"

भिंतीपलीकडून प्रॉस्पेरचं हसू ऐकू आलं. त्या हसण्याने मखलूफ आणखीच पेटला. "मी पुन्हा जाणार! दहा वेळा जाणार! पण खोटं बोलणार नाही!"

"तू बोलूच नकोस," सोलिका म्हणाली. "मी बोलते."

पुन्हा दवाखाना. मखलूफ तोंड मिटून बसला. सोलिकाने बिस्किटांचा डबा मांडीवर घट्ट धरला आणि सुरुवात केली.

"डॉक्टरबाई, साधं दुखणं नाही हो ते. बरगडीखाली निखारा ठेवल्यासारखं जळतं. कपडा टेकला तरी जीव जातो. कुसकुसचा रवा चाळताना हात मध्येच थांबतो. पाहुणे बसलेले असतात, त्यांच्यासमोर कसं दाखवणार? मग स्वयंपाकघरात जायचं, फ्रीज उघडायचा, त्याच्या दारामागे तोंड लपवून रडायचं, आणि डोळे पुसून दही घेऊन बाहेर यायचं. हसत."

बोलताना तिच्या डोळ्यांतून खरोखरच पाणी यायला लागलं. मखलूफ थक्क! काय बाई आहे ही! पण मग त्याला जाणवलं की सरकारी दवाखान्यात, डॉक्टरसमोर, आपल्या नावावर धडधडीत खोटी जबानी चालली आहे. त्याला राहवेना.

"थांबा!" तो गरजला. "हे सगळं खोटं आहे! मी फ्रीजमागे कधीही रडलेलो नाही! आणि माझ्या बरगडीला काहीसुद्धा झालेलं नाही! माझा पाय दुखतो, पाय!"

डॉक्टर इन्नाने चष्मा वर केला. "मग ही बरगडी कुणाची?"

सोलिका डब्याचं झाकण लावायला लागली. लागलेलं झाकण पुन्हा लावायला लागली.

डॉक्टरने तिला पडद्याआड नेलं. कापसाचा बोळा बरगडीला नुसता टेकवला, तर तिची किंकाळी व्हरांड्यापर्यंत गेली. पूर्वी नागीण झाली होती. फोड गेले, जळजळ मागे राहिली. सगळ्या तऱ्हेच्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या, एकीचाही उपयोग नव्हता. आणि दर खेपेला कसं वाटतंय विचारलं की हिचं उत्तर एकच, देवाची कृपा!

"मला का नाही सांगितलंस?" मखलूफने विचारलं.

"माझं सांगितलं असतं तर नजर लागली असती," ती पडद्याआडून म्हणाली. "तुझं म्हणून सांगायला काय भीती? तुला आधीच लागलेली आहे!"

मखलूफ हसला नाही. ज्याने नेगेवमधल्या ट्रकच्या टायरात लपवलेला माल नुसत्या वासाने ओळखला, त्याला आपल्या घरातल्या फ्रीजच्या दारामागचं काही कळलं नव्हतं. त्याला लाज वाटली, खरीखुरी.

"आता तुमचं सांगा," डॉक्टर म्हणाली. "खरं."

"सहा. कधी साडेसात. पण आधी तिचं बघा."

तिचं बघितलं गेलं. परवाना झाला. अधिकृत रुग्ण, सोलिका एल्हरार! आणि मखलूफ? त्याचे सगळे उपाय करून संपले नव्हते. पाण्यातले व्यायाम राहिले होते. नगरपालिकेच्या तलावात, रबरी टोप्या घातलेल्या आजीबाईंबरोबर. ते केल्याशिवाय त्याचा विचार होणार नव्हता.

एका दुपारी सोलिकाने जिभेखाली गांजाच्या तेलाचे थेंब घेतले आणि कोचावर आडवी झाली. थोड्या वेळाने ती अशी गाढ झोपली की मखलूफने दोनदा वाकून तिचा श्वास पाहिला. मग त्याने भांडी घासली, आवाज न करता, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"काय सार्जंट!" प्रॉस्पेर ओरडला. "मिळाला का परवाना?"

"हळू बोल! अधिकृत रुग्ण झोपली आहे!"

"आणि तू? अरे, तिच्यातलेच दोन थेंब घे की! कोण बघतंय?"

"मी बघतोय!" मखलूफने छाती पुढे काढली. "परवाना तिच्या नावावर आहे! एक थेंब कमी झाला तर मी स्वतः गुन्हा नोंदवीन, माझ्यावर!"

तेवढ्यात कळ आली. त्याने कठडा घट्ट धरला, ती टाचेपर्यंत जाऊ दिली, मग एकदा आत वळून कोचाकडे पाहिलं आणि शेजारच्या गॅलरीकडे सरकून अगदी खालच्या आवाजात म्हणाला,

"प्रॉस्पेर... पोहायची चड्डी आहे का रे तुझ्याकडे एखादी? जरा मोठ्या मापाची?"