शिलंगणाची मोटार

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फत्तेसिंहरावांनी घरच्या घरी मोटारीचं इंजिन उघडलं, आणि त्यांचे ग्रह तिथंच फिरले. मोटार लिलावात घेतलेली, जुनीपुराणी. सुरू होण्याआधी खोकायची आणि सुरू झाल्यावर गुरगुरायची.

"मिस्त्री कशाला हवा? आत काजळी धरलीय. खरवडली की घोड्यासारखी धावेल," असं त्यांनी बायकोला, विजयमालेला, सांगितलं.

घाईला कारण होतं. वडील दत्ताजीराव, सरकारी पागेतले जुने जमादार, श्रावणापासून अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी हळूच सांगून ठेवलं होतं की दसरा बघतील, दिवाळीचं सांगता येत नाही. आणि म्हाताऱ्याची एकच इच्छा राहिली होती: पोराच्या मोटारीत बसून लहरीपुऱ्याच्या दरवाजाशी महाराजांची दसऱ्याची सवारी बघायची, धन्याला शेवटचा मुजरा करायचा.

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून फत्तेसिंहराव ओसरीवर आले, तर पाने, पक्कड, नट, काही जागेवर नाही. सगळं देवघरात, पाटावर, तलवारीच्या शेजारी ओळीनं मांडलेलं. इंजिनाच्या व्हॉल्व्हना पंचामृताची अंघोळ झाली होती. प्रत्येक नटावर हळदकुंकू होतं.

"आबासाहेब, हे काय करवून घेतलंत?"

"शस्त्रपूजा," लोडाला टेकलेले दत्ताजीराव म्हणाले. "माझं शस्त्र तलवार, तुझं हे. आता शिलंगण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"पण उद्या शिलंगणाला जायचं कशातून?"

"मोटारीतून."

"मोटार जोडायची कशानं?"

"या हत्यारांनी."

"मग उचलू?"

"शिलंगण झाल्यावर."

फत्तेसिंहरावांच्या मिशा पिकत आल्या होत्या, पण बापापुढं उलट बोलायची सवय त्यांना अजून लागली नव्हती. दसऱ्याला सकाळी ते वाडीतल्या मिस्त्रीकडे पाने आणि नट उसने मागायला गेले. मिस्त्रीची हत्यारंही झेंडूखाली झाकलेली.

"आजे तो दशेरा, साहेब. ओजारने हाथ ना लगाडाय. काले आवजो." आज हत्याराला हात नाही, उद्या या, म्हणे.

शेजारच्या तुकोजीरावांनी मोटार ओढायला बैल देऊ केले. दत्ताजीरावांनी तोंड फिरवलं.

"धन्यासमोर बैल जुंपून जाऊ? त्यापेक्षा मी इथंच डोळे मिटतो."

आता म्हाताऱ्याचा जीव आणि हट्ट, दोन्ही सांभाळायचे होते. शेवटी मोटार ढकलायची ठरली. आबासाहेबांना फेटा बांधून पुढं बसवलं. चाक धरायला कुणी नव्हतं, म्हणून नऊवारी सावरत विजयमाला बसली. फत्तेसिंहराव मागं लागले, आणि वाटेत गंमत बघायला जमलेल्यांपैकी चौघांनी खांदे लावले.

सवारी दिसली. हत्ती झुलत समोर आले. दत्ताजीरावांनी तीनदा मुजरा केला. मागून फत्तेसिंहराव ते बघत होते. आपल्या हातून बापासाठी एवढी एक गोष्ट झाली, याचं त्यांना फार बरं वाटलं.

परतीला लोक वाटेत अडवून आपट्याची पानं देत होते. "सोनं घ्या, आजोबा." म्हातारा बोलेना. "जमादारांचा ताठा अजून गेला नाही," म्हणत लोक पानं त्यांच्या मांडीवर ठेवून पाया पडत होते.

"आबासाहेब, झालं शिलंगण. आता हत्यारं उचलू ना?" फत्तेसिंहरावांनी धापा टाकत मागून विचारलं. उत्तर आलं नाही. नाही म्हणाले नाहीत, यावरच ते खूश झाले.

दारात मोटार थांबली. फत्तेसिंहराव पुढं आले, आणि तिथंच उभे राहिले. विजयमालेचा उजवा हात चाकावर होता आणि डावा सासऱ्याच्या पाठीशी. तिनं तो काढला नाही.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"हत्ती पुढं गेले तेव्हाच."

"अगं, मग तिथंच सांगायचंस."

"सांगितलं असतं, तर सणाच्या दिवशी कुणी गाडीला हात लावला असता? तुमच्या एकट्याच्यानं ही ढकलवली असती का?"

फत्तेसिंहराव पायरीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मोटारीच्या मागं ते चौघे अजून पेढ्याची वाट बघत उभे होते.

विजयमालेनं डोळे पुसले.

"त्यांना जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "अजून काम आहे."