मल्लिनाथ सरांची जोडीची खिडकी

मल्लिनाथ सरांकडे एकटा पाहुणा आला, की सर त्याच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर पाण्याची कळशी आणून ठेवत. "तोल राहायला पाहिजे की!" म्हणत. दोघे आले, की कळशी पुन्हा स्वयंपाकघरात जाई.

सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. केम गावाहून सोलापूरला कॉलेजसाठी आलो, तेव्हा त्यांच्या मधल्या माडीवर मी भाड्यानं राहिलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीत सरांच्या माडीचा मोठा वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मुघलांचा ताजमहाल हे सरांचं दैवत. "एका बाजूला मशीद हाय. दुसऱ्या बाजूला हुबेहूब तशीच इमारत. तितं नमाज न्हाय, काय न्हाय. मग बांधली कशाला? मशिदीला जोड नको?" हे सांगताना त्यांचा आवाज जड होई.

एक चप्पल तुटली तरी सर जोड बदलत. दाराशी दोन कडुनिंब. एक जरा वाढला, की त्याची छाटणी. शेजारच्या महादेवी मावशी विचारत, "सर, डाव्या गालाला डास चावला तर उजव्यासाठी दुसरा बोलवता काय वो?" सर हसत आणि हळूच आरशात बघून येत.

घराचेही दोन सारखे भाग होते. डावीकडे सर, उजवीकडे धाकटा भाऊ. त्याला ते कानडीत 'तम्मा' म्हणत. बायकोला चुलीपाशी उजेड कमी पडतो म्हणून तम्मानं आपल्याकडची खिडकी मोठी केली. तो रेल्वेच्या ड्यूटीवर गेल्यावर सरांनी गवंडी बोलावून ती पुन्हा होती तेवढी करून टाकली.

संध्याकाळी तम्मानं भिंत पाहिली. "अण्णा, तुला भाऊ नकोय, आरसा पाहिजे," म्हणाला आणि बिऱ्हाड होटगीला हलवलं. होटगी ती कितीशी लांब! पण तो आला नाही, सर गेले नाहीत. सर रोज उजवीकडचा ओटा झाडत. डावीकडचा कधीकधी राहून जाई.

माडी सोडल्यावर मला नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो, तर अंगणात विटांचा ढीग. तम्माची खिडकी पुन्हा मोठी झालेली. आणि गवंडी आता सरांची स्वतःची भिंत फोडत होता.

"सर, ही कशाला?"

"त्याची मोठी झाली, मग हिला बी व्हायला लागतंय की. आता तम्मा मशीद. मी जोडीची इमारत."

"येणार आहेत का ते?"

"निरोप धाडलाय. बगू."

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. सवयीनं मी कळशीची वाट पाहिली. सरांनी समोरची खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली, फाटकाकडे पाहिलं आणि ती तशीच रिकामी ठेवली.