नाथाचा डोंगर, शेकरू आणि माझी ओ

वाघ काय, जीपमध्ये बसवून कुणीही दाखवेल! असं मी माझ्या नातीला, श्रेयाला, फोनवर चक्क ठणकावून सांगितलं. "मी तुला शेकरू दाखवतो! आपल्या पायांनी डोंगर चढून!"

फोन ठेवला आणि आपण काय बोलून बसलो ते ध्यानात आलं. शेकरू म्हणजे ती भली मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. तिच्याविषयी मी वाचलंय भरपूर. जन्म वाचनालय सांभाळण्यातच गेला. पाहिली मात्र एकदाही नव्हती! पण करणार काय? पुण्याच्या व्याह्यांनी दिवाळीत श्रेयाला ताडोबाला नेऊन वाघ दाखवला होता. तेव्हापासून मे महिन्याची सुट्टीही त्यांच्याकडेच काढायची, असं तिनं ठरवलं होतं. बरोबरच आहे. आमच्या निमगाव सावाला येऊन बघायचं काय? मला? मी स्वतःसुद्धा मला दाढीपुरताच बघतो! नाताळात ती दोन दिवस येणार होती. तेवढीच संधी.

आंबेगावच्या बाजूला नाथाचा डोंगर आहे. चहूकडे शेतं आणि मध्ये हा एकटाच, लग्नात ओळखीचं कुणी न भेटलेल्या पाहुण्यासारखा उभा. माथ्यावर भैरवनाथाचं ठाणं आणि भोवती देवराई. नाथाच्या धाकानं तिथली काडीसुद्धा कुणी तोडत नाही. बेत साधा होता. मी आणि श्रेया. दबक्या पावलांनी. गुपचूप.

गुपचूप! आमच्या सौ. शीलाबाईंनी डेअरीवर दूध घालताना ही बातमी सांगितली. श्रेया आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात शेजारच्या गोरखचा पिकअप उभा आणि त्यात अर्धी आळी!

"अरे, एवढी माणसं कशाला?" मी पुटपुटलो.

"नाना, डोंगुर हाये त्यो! बिबट्या काय तुमचं वय इचारून सोडनार हाय का?" गोरख म्हणाला.

उसात बिबट्याचा वावर वाढल्यापासून आमच्याकडे कुणी एकटं आणि गप्प असं बाहेर पडतच नाही. काठीला घुंगरं बांधायची, मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावायची आणि हाक आली की लगेच ओ द्यायची. तीन हाकांना ओ आली नाही, तर बिबट्यानं धरलं असं समजायचं आणि फटाके लावत, हलगी बडवत धावायचं! पिकअपमध्ये हलगी होती. फटाके होते. स्पीकर तर वरातीतला होता!

डोंगर चढताना गाणी सुरू झाली. मोर उडाला. वानरं पळाली. बिळातून डोकावलेला एक सरडा आमच्याकडे बघून परत आत गेला.

"बया, काय गार वारं सुटलंय!" शेजारच्या प्रयागबाई म्हणाल्या. "गोरख, वाढीव रं आवाज!"

"नाना, ताडोबात बोलायलाही बंदी होती," श्रेया बारीक आवाजात म्हणाली. मला तिथल्या तिथे दरीत उडी मारावीशी वाटली. पण दरीपाशीही गर्दी होती.

आणि देवराईच्या तोंडाशी मला ते दिसलं! उंच हिरड्याच्या शेंड्याला पाल्याचा मोठा गोळा. घरटं! अगदी पुस्तकातल्यासारखं! मी सगळ्यांपुढे हात जोडले. "थोडा वेळ गप्प बसाल का?"

"गप? रानात?" गोरख पांढराफटक पडला. "नाना, पुस्तकं तुमी वाचता. बिबट्या वाचत न्हाई!"

शेवटी शीलानं डोळे वटारले. सगळे देवराईबाहेर वाटेवरच तोंडाला कुलूप लावून बसले. मी आणि श्रेया पुढे सरकलो. झाडाखाली उभे राहिलो. पान हललं. घरट्यातून तांबूस शेपटीचा झुपका खाली लोंबला! श्रेयाची नखं माझ्या मनगटात रुतली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या हातून काहीतरी बरं होत होतं.

"अहोऽऽ!"

शीलाची हाक! इतकी शांतता तिला तरी कशी सोसवणार? शेपटी थबकली. ओ दिली तर शेकरू पळणार, नाही दिली तर फटाके फुटणार! मी विचार करू लागलो. माझा विचार म्हणजे पाण्यातली म्हैस. लवकर बाहेर येत नाही.

"अहोऽऽऽ!" दुसरी हाक!

मी हळूच म्हणालो, "ओ." ती शेजारी उभ्या श्रेयालाही ऐकू गेली नाही.

"अहोऽऽऽऽ!" तिसरी!

घाबरून मी ओ दिली. ती कुठून आली कोण जाणे! जन्मभर गिळलेला सगळा आवाज एका दमात बाहेर पडला! डोंगराच्याच कड्यानं तो दुप्पट करून परत केला. खालून प्रयागबाई किंचाळल्या, "धरला गं बया! नानांला धरला!" लगेच फटाके! हलगी! स्पीकर! देवराईतली यच्चयावत पाखरं आभाळात उडाली. आमच्या डोक्यावरची पानं एकदा सळसळली आणि घरट्याबाहेर काहीच उरलं नाही.

गोरख धापा टाकत आला. मला धडधाकट बघून जरा नाराजच झाला. "नाना, ह्यी काय ओ द्यायची रीत झाली? लई भ्यालो राव आमी!"

परतीच्या वाटेवर श्रेया पुढे आजीच्या मांडीवर बसली. मी मागे, स्पीकरशेजारी. घरी पोचताच तिनं व्याह्यांना फोन लावला. मी दाराआड उभा.

"नाही दिसलं, आजोबा. फक्त शेपटी... मे महिन्यात? नाही, मी इकडेच येणार आहे. आम्ही परत जाणार आहोत डोंगरावर!"

माझा कानांवर विश्वास बसेना. डोळे भरून आले. मी पुढे झालो. "श्रेया, पुढच्या खेपेला मी दुर्बीणच आणतो बघ!"

तिनं माझा हात हातात घेतला. फार समजूतदार पोर आहे.

"नाना, तुम्ही घरीच थांबा हं. आजी, गोरखकाका, प्रयागआजी, सगळे गप्प बसायला तयार आहेत. तुम्हीच फार आवाज करता!"