बांधीतला विज्ञानाचा तास

मज्जासंस्थेबद्दल काहीही विचारा, मी झोपेत सांगतो! गोंदियाच्या शाळेत विज्ञान शिकवतो मी, आणि माझ्या तासाला शेवटच्या बाकावरचं पोरगंही डुलकी घेत नाही. फक्त हे ज्ञान सासुरवाडीच्या भाताच्या बांधीत नेऊ नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

कामठ्याजवळ सासऱ्यांचं धान असतं. रोवण्याचा, म्हणजे भातलावणीचा, शेवटचा दिवस होता. तलावाचं पाणी आमच्याकडे आजच्यापुरतं, उद्यापासून पाळी दुसऱ्याची. उपटलेले पऱ्हे, भाताची रोपं, धुऱ्याच्या बांधावर पडलेले. आज लागले नाहीत तर गेलेच. माझ्या सासूबाई धुरपताबाई सकाळपासून रोवणाऱ्या बायांच्या मागे लागल्या होत्या. धुऱ्यावर छत्री घेऊन उभ्या असलेल्या जावयाकडे मात्र त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. आपणही कामाचे आहोत हे त्यांना दाखवायचंच, असं मी ठरवलं.

तेवढ्यात त्या बायांमधल्या शामकलानं पोटरीवरची जळू काढून फेकली, चिमूटभर तंबाखू लावली आणि पुन्हा वाकली.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाई जी."

"दुखणारच नाही. काऊन ते सांगतो." मी छत्री मिटली. "जळू चावताना आधी तिथल्या नसा बधिर करते. मेंदूला निरोपच जात नाही. ती आरामात रक्त पीत बसते, आपल्याला पत्ताच नसतो."

बायांचं रोवण्याचं गाणं थांबलं.

"म्हंजे मले काईच लागून नाई राहिलं," नंदाबाई हळूच म्हणाली, "तं जळू असंल?"

"असू शकते." शिक्षकानं खोटं कसं बोलायचं?

"मले बी काई लागून नाई राहिलं," शामकला म्हणाली.

"मले बी नाई व माय!"

बघता बघता अख्खी बांधी रिकामी. जन्मभर जळवांसोबत रोवणा केलेल्या बाया धुऱ्यावर बसून एकमेकींच्या पोटऱ्या तपासू लागल्या. जिला जळू सापडली ती निवांत झाली. जिला नाही सापडली तिचा जीव जास्त वरखाली!

"तुमाले कोनी इचारलं होतं जी, जवाई?" सासूबाई म्हणाल्या. आवाज रडवेला होता, म्हणून मला खरंच वाईट वाटलं.

बायको रेणूनं माझ्या हातातली छत्री काढून घेतली. "उतरा आता. पऱ्हे वाळून राहिले."

मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. माझी ओळ धामण गेल्यासारखी वाकडी जात होती, पण तोंड सुरूच होतं. "बघा, भीती फक्त मेंदूत असते. मला काही होतंय का?"

सासरे, उमरावजी, धुऱ्यावरून वाकून माझ्या पायांकडे बघू लागले. ते म्हणाले, "जवाई, तुमच्या पोटरीले का लटकलं जी?"

मी पाहिलं. अंगठ्याएवढी, टम्म फुगलेली. तोवर काही म्हणजे काही दुखत नव्हतं. पाहिली आणि पाय तुटल्यासारखा कळवळलो! ओरडत उडी मारली ती थेट चिखलात तोंडावर.

बाया पोट धरून हसल्या. "चला व," शामकला डोळे पुसत म्हणाली, "मास्तर मेला नाई, तं आपल्याले का होते?"

त्या उतरल्या, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि आता त्यातल्या ओळींत मी आणि माझी जळू होतो. दिवेलागणीच्या आत शेवटचा पऱ्हा लागला. सासूबाई खूश झाल्या, स्वतः माझ्या पायाला तंबाखू लावायला बसल्या.

"आता दुखते का जी?"

"नाही हो," मी ऐटीत म्हणालो, "आता काहीच जाणवत नाही."

"काईच नाई?" म्हणाल्या, आणि चिंतेनं माझा दुसरा पाय बघू लागल्या.